स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची, तर ती कोणत्या प्रोग्रामिंग भाषेत?

प्रश्न असा आहे. बेळगावातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अंतिम वर्षाला असलेल्या, खानापूर आणि निपाणी भागांतल्या चार विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची आहे. हाताशी आठ महिने आहेत. मार्गदर्शक प्राध्यापकांचा आग्रह सी भाषेचा आहे. चौघांपैकी एक जण दोन वर्षे रस्ट वापरतो आहे आणि त्याला दुसरे काही नको आहे. दुसऱ्याच्या पुण्यातल्या मामेभावाने गो सुचवली आहे. शिवाय फाइलींची नावे मराठीत आणि कन्नडमध्ये देता आली पाहिजेत, अशी त्यांची स्वतःची एक हौसेची अट आहे. "सर, या सगळ्यांतून नेमकी कोणती भाषा घ्यावी?" असे त्यांनी विचारले आहे.

मी गेली २२ वर्षे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ओतकाम आणि पंपनिर्मितीच्या कारखान्यांसाठी नियंत्रकांचे सॉफ्टवेअर लिहीत आलो आहे. त्यातला बराच काळ इतरांनी लिहिलेल्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या यंत्रावर थेट ताबा ठेवणाऱ्या भागात, एकेक उपकरण चालवणारे ड्रायव्हर बसवण्यात गेला, आणि दोनदा लहानसे कर्नल स्वतः लिहावे लागले. त्या अनुभवावरून उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर मांडतो. कर्नलचा गाभा सीमध्ये लिहावा, फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवणारा भाग, रस्टमध्ये लिहावी आणि गो या प्रकल्पापुरती बाजूला ठेवावी. हे सगळ्यांना खूश ठेवण्यासाठी काढलेले मधले उत्तर वाटण्याचा संभव आहे, म्हणून सांगतो की संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमसाठी भाषा एकदाच निवडायची असते हे गृहीतच मला मान्य नाही. ती प्रत्येक भागासाठी वेगळी निवडावी लागते, आणि तशी निवडताना दोन गोष्टी पाहायच्या असतात: त्या भागाच्या खाली काय आहे, आणि त्या भागात बाहेरून काय येते.

पहिली गोष्ट आधी घेऊ. आपण रोज लिहितो तो प्रोग्राम तयार जोत्यावर उभा असतो. मेन हे फंक्शन कोणीतरी बोलावते, मेमरी मागितली की कोणीतरी देते, पडद्यावर अक्षरे उमटवण्याचे काम कोणीतरी करते. कर्नल लिहिताना हे 'कोणीतरी' तुम्हीच असता. म्हणून कोणत्याही भाषेला विचारायचा पहिला प्रश्न असा, की तुझ्या पायाखाली काहीच नसताना तू उभी राहशील का? सी भाषेच्या प्रमाणग्रंथात या परिस्थितीची वेगळी नोंदच आहे. खाली ऑपरेटिंग सिस्टीम असलेले वातावरण आणि नसलेले वातावरण, असे दोन प्रकार त्यात सांगितले आहेत. तरीही सी अगदी निःसंग आहे असे समजू नये. जीसीसी या कंपायलरला, म्हणजे सीचे यंत्राच्या सूचनांत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला, खाली काही नाही असे सांगितले, तरी मेमरीचे तुकडे हलवणारी, भरणारी आणि ताडून पाहणारी चार फंक्शने तुम्ही पुरवाल असे तो धरून चालतो. तुम्ही एक मोठे स्ट्रक्चर साध्या बरोबरच्या चिन्हाने दुसऱ्यात टाकता, आणि जोडणीच्या वेळी लिंकर सांगतो की मेमकॉपी (त्या चारांपैकी मेमरीची नक्कल करणारे फंक्शन) सापडत नाही. याहून गमतीचा प्रकार म्हणजे मेमसेट हे मेमरी भरणारे फंक्शन तुम्ही साध्या लूपने लिहिता, हा लूप म्हणजे मेमसेटच आहे असे कंपायलर ओळखतो, लूप काढून तिथे मेमसेटला हाक मारतो, आणि फंक्शन स्वतःलाच अनंत वेळा बोलावत बसते. या एका प्रकाराने माझा एक अख्खा रविवार खाल्ला आहे.

रस्टही पायाखाली काही नसताना उभी राहते. तिचे मुख्य ग्रंथालय तीन थरांचे आहे. सर्वांत खालच्या थराला ऑपरेटिंग सिस्टीमही लागत नाही आणि मेमरी वाटपही लागत नाही, मधल्याला फक्त मेमरी वाटणारा लागतो, आणि वरचा थर आपण सोडून द्यायचा असतो. प्रोग्राम कोलमडला तर काय करायचे, हे सांगणारे एक फंक्शन तेवढे तुम्ही लिहून द्यायचे. गोचे तसे नाही. तिच्या प्रत्येक प्रोग्रामबरोबर कचरा गोळा करणारी, म्हणजे न लागणारी मेमरी परत घेणारी यंत्रणा आणि गोरूटीनचे (एकाच वेळी चालणाऱ्या तिच्या हलक्या कामांचे) वेळापत्रक येते, आणि खाली थ्रेड व मेमरी देणारी ऑपरेटिंग सिस्टीम आहे असे ती यंत्रणा गृहीत धरते. यावर मात करता येत नाही असे मात्र नाही. एमआयटीमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये बिस्किट नावाचे कर्नल गोमध्ये लिहून प्रसिद्ध केले. त्यात सुमारे २८ हजार ओळी गोच्या होत्या आणि सीची एकही नव्हती. तेच काम करणाऱ्या सीमधल्या मार्गांशी तुलना केली तेव्हा गोची बाजू ५ ते १५ टक्के हळू निघाली. मला हा आकडा वाईट वाटत नाही. अनेकांच्या अपेक्षेपेक्षा तो बराच चांगला आहे. पण त्यासाठी गोच्या यंत्रणेखाली एक खोटी ऑपरेटिंग सिस्टीम वाटावी असा थर आधी रचावा लागला, आणि मेमरी संपत आली असता काय करायचे यावर स्वतंत्र विचार करावा लागला. तुमचे आठ महिने त्या थरातच संपतील. मामेभावाचा सल्ला सर्व्हर लिहिणाऱ्यासाठी उत्तम आहे, पण सर्व्हरच्या खाली जे असते ते लिहिणाऱ्यासाठी तो नाही.

भाषा कोणतीही घेतली, तरी असेम्ब्ली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना एकेक करून लिहिण्याची भाषा, चुकत नाही, आणि ती चुकवू नये असेही माझे मत आहे. तुम्ही पाया म्हणून एमआयटीचे एक्सव्ही६ वाचावे असे मी सुचवतो. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्सच्या धर्तीवर २००६ मध्ये अध्यापनासाठी ते लिहिले गेले आणि आता रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर चालते. त्यात एका प्रोसेसकडून (चालू असलेल्या प्रोग्रामकडून) दुसरीकडे जाणारे फंक्शन असेम्ब्लीत आहे. ते १४ रजिस्टर (प्रोसेसरमधले छोटे खण) साठवते आणि दुसरी १४ भरते: परतीचा पत्ता, स्टॅक पॉइंटर (स्टॅकचे, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीचे, टोक दाखवणारा) आणि बोलावलेल्या फंक्शनने जपून ठेवायची १२ रजिस्टर. बस्स, एवढेच. हे सीमध्ये का लिहिता येत नाही? कारण स्टॅक पॉइंटर ही कंपायलरची खासगी मालमत्ता आहे. तो मध्येच बदलला गेला तर कंपायलरने मांडलेला सगळा हिशेब मोडतो. हेच कारण रस्टला, झिग या नव्या भाषेला आणि इतर सर्वांनाही लागू आहे. म्हणजे 'असेम्ब्ली की उच्च भाषा' असा प्रश्नच उरत नाही. बूटची सुरुवात, इंटरप्टचा (उपकरणाने प्रोसेसरला मध्येच मारलेल्या हाकेचा) उंबरठा आणि हा बदल एवढ्या जागी मुख्यतः असेम्ब्ली असते, बाकी ठिकाणी ती तुरळकच लागते.

सी या जागी कशी आली हे थोडक्यात सांगतो, कारण तिचे गुण आणि खोडी दोन्ही तिथूनच आल्या आहेत. ऑपरेटिंग सिस्टीम उच्च भाषेत लिहिण्याचा मान सीकडे जात नाही. बरोज कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आपली प्रणाली अल्गोलच्या एका बोलीत लिहिली होती, आणि मल्टिक्स पीएल-वनमध्ये होती. केन थॉम्पसन यांनी १९६९ मध्ये युनिक्स लिहिली ती पीडीपी-७ च्या असेम्ब्लीत. त्यांची बी ही भाषा यंत्राच्या संपूर्ण शब्दावरच काम करत असे, तिला प्रकार माहीत नव्हते. पुढे आलेल्या पीडीपी-११ वर प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता होता, आणि तिथे बी अडखळू लागली. डेनिस रिची यांनी तिला प्रकार दिले, त्यांत एका बाइटचा कॅरेक्टर हा प्रकार आला, भाषेचे नाव सी झाले आणि १९७३ मध्ये युनिक्सचे कर्नल तीत पुन्हा लिहिले गेले. म्हणजे भाषा आणि ऑपरेटिंग सिस्टीम या एकाच घरात वाढलेल्या दोघी आहेत. सीमध्ये लिहिलेली ओळ पाहून खाली कोणत्या सूचना निघतील याचा अंदाज बांधता येतो, तो यामुळेच.

पण पीडीपी-११ ची एक सवयही भाषेत शिरली. ते यंत्र बाइट रजिस्टरमध्ये घेताना तो ऋण-धन चिन्हासह पसरवत असे. इतर यंत्रे तसे करत नव्हती. परिणामी कॅरेक्टरचे मूल्य ऋण असू शकते की नाही, हे सीने आजतागायत कंपायलरवर सोडून दिले आहे. तुमच्या लॅपटॉपच्या एक्स८६ प्रोसेसरवर ते ऋण असू शकते. एआरएमवर आणि रिस्क-फाइव्हवर सहसा नसते. इंग्रजी अक्षरे १२७ च्या आत असल्यामुळे ज्यांना इंग्रजीच लिहायचे असते त्यांना हा फरक जन्मभर दिसत नाही. देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्यांचे यूटीएफ-८ या, अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीतले सगळे बाइट १२७ च्या पुढचे असतात. एखाद्या विद्यार्थ्याने २५६ खणांचा तक्ता करून त्यात कॅरेक्टरच्या मूल्याने खण शोधला, की लॅपटॉपवर तपासताना तो तक्त्याच्या मागची मेमरी वाचू लागतो, आणि रिस्क-फाइव्हवर तोच कोड बिनचूक चालतो. लिनक्सने ६.२ या आवृत्तीपासून सर्व प्रोसेसरांवर कॅरेक्टर चिन्हरहित करून टाकला. तुम्हीही पहिल्या दिवशीच ठरवून टाका: बाइट म्हणायचा असेल तिथे चिन्हरहित प्रकारच वापरायचा.

आता तुमच्या हौसेच्या अटीकडे येतो, कारण भाषेची निवड खरी तिथे ठरते. एक्सव्ही६ मध्ये डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद १६ बाइटांची असते: २ बाइट आयनोडच्या, म्हणजे फाइलीच्या मूळ नोंदीच्या, क्रमांकाला आणि १४ बाइट नावाला. 'बेळगाव' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये मात्रा आणि काना धरून ते ६ घटक होतात, प्रत्येकाला ३ बाइट लागतात, आणि बेरीज १८ होते. कन्नडमध्ये हेच नाव शेवटच्या वेलांटीसह ७ घटकांचे, म्हणजे २१ बाइटांचे होते. दोन्ही नावे १४ मध्ये मावत नाहीत. एक्सव्ही६ अशा वेळी काही तक्रार न करता पहिले १४ बाइट ठेवून बाकीचे सोडून देते. मराठी नावाचे मग काय होते? 'बेळग' इतके पूर्ण उरते आणि त्यापुढच्या कान्याचे तीनपैकी दोनच बाइट उरतात. ते दोन बाइट म्हणजे कोणतेच अक्षर नव्हे. 'बेळगाव' आणि 'बेळगाम' अशा दोन फाइली करायला गेलात तर दोन्ही नावे एकाच नोंदीवर येऊन आदळतील, आणि दुसरी लिहिताना पहिलीवरच लिहिले जाईल. कीबोर्डावर मागे जाण्याची कळ दाबली की कर्नल एकच बाइट पुसते, त्यामुळे एक मात्रा पुसायला ती तीनदा दाबावी लागते, हा वेगळाच मनस्ताप.

सीच्या कंपायलरला यात काहीही गैर दिसत नाही. त्याच्या लेखी १४ बाइट म्हणजे १४ बाइट. रस्टमध्ये मजकुराचा प्रकार आणि बाइटांच्या रांगेचा प्रकार हे वेगवेगळे आहेत, आणि मजकूर नेहमी वैध यूटीएफ-८ असेल अशी तिथे हमी असते. तुटलेल्या बाइटांचा मजकूर करायला गेलात तर ती तुमच्या हातात त्रुटी ठेवते, आणि त्या त्रुटीचे काय करायचे हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे एक सावधगिरी मात्र हवी. यावरून फाइलींची नावे मजकूर या प्रकारातच ठेवावीत असा निष्कर्ष काढू नये. युनिक्सच्या परंपरेत तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून कोणताही बाइट नावात चालतो, आणि डिस्कवर काय लिहिलेले सापडेल याची हमी कर्नल देऊ शकत नाही. नाव बाइटांची रांग म्हणूनच साठवावे, कापायची वेळ आली तर कापण्याऐवजी त्रुटी परत द्यावी, आणि अक्षरांची जोडणी व मांडणी हा विषय कर्नलच्या बाहेर ठेवावा. क्यूएमू या, लॅपटॉपवर रिस्क-फाइव्ह यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये सिरियल पोर्टमधून बाइट जसेच्या तसे बाहेर सोडले, तर जोडाक्षरे काढून दाखवण्याचे काम तुमच्या लॅपटॉपच्या टर्मिनलकडे जाते. त्यासाठी कर्नलला मराठीही यायला नको आणि कन्नडही.

दुसरी गोष्ट, म्हणजे बाहेरून काय येते, ही अशी आहे. फाइल सिस्टीम डिस्कवरचे जे वाचते ते कोणीही लिहिलेले असू शकते. लांबीचे आकडे खोटे असू शकतात, ब्लॉकचे क्रमांक डिस्कच्या बाहेरचे असू शकतात. अशा मजकुरावर पॉइंटरचे (मेमरीतल्या पत्त्यांचे) गणित करणे हा मेमरीच्या चुकांचा सर्वांत सुपीक मळा आहे. अँड्रॉइडचे उदाहरण बोलके आहे: तिथल्या सुरक्षाविषयक दोषांपैकी मेमरीच्या चुकांमुळे होणारे दोष २०१९ मध्ये ७६ टक्के होते, ते २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आले. जुना सगळा कोड त्यांनी नव्याने लिहिला नाही. नवा कोड रस्टसारख्या सुरक्षित भाषांत लिहायला घेतला, एवढ्यानेच हा फरक पडला. लिनक्समध्ये रस्टला डिसेंबर २०२२ मधल्या ६.१ या आवृत्तीत प्रवेश मिळाला, तोही मुख्यतः ड्रायव्हरसारख्या कडेच्या भागांसाठी. माझे फाइल सिस्टीमविषयीचे उत्तर याच वाटेने जाते.

सीच्या बाजूने बोलताना तिच्या दुसऱ्या खोडीविषयी गप्प बसणे बरे नव्हे. २००९ मध्ये लिनक्सच्या एका नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला गेला होता आणि तो शून्य आहे का याची तपासणी पुढच्या ओळीत होती. कंपायलरने तर्क केला की ज्याअर्थी पॉइंटर वापरला आहे त्याअर्थी तो शून्य असूच शकत नाही, आणि तपासणी काढून टाकली. भाषेच्या नियमांत हे बसत होते. कर्नलमध्ये मात्र ते भगदाड ठरले. तेव्हापासून अशा तपासण्या काढू नयेत असे कंपायलरला बजावूनच लिनक्स बांधले जाते. कर्नलची सी ही पुस्तकातली सी नव्हे, ती काही मोकळीक काढून घेतलेली सी आहे. पूर्णांक ओलांडून गेला तर तो गुंडाळला जावा आणि एकाच मेमरीकडे दोन प्रकारांच्या पॉइंटरांनी पाहिले तरी चालावे, अशा अर्थाचे पर्याय तुम्हीही बांधणीच्या फाइलमध्ये पहिल्याच दिवशी लावा.

रस्टच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओतकाम कारखान्याच्या भट्टीसाठी मी नियंत्रक केला होता. एक फंक्शन तापमानमापकाकडून सिरियल पोर्टवर ६४ बाइट मागवत असे. ते बाइट डीएमएमार्फत, म्हणजे प्रोसेसरला न विचारता, थेट त्या फंक्शनच्या स्थानिक ॲरेत उतरत. उत्तर २०० मिलिसेकंदांत आले नाही तर फंक्शन त्रुटी देऊन परत फिरे. परत फिरताना डीएमए थांबवायचे मी विसरलो होतो. एरवी उत्तर वेळेत येई. शेजारच्या क्रेनची मोटर सुरू झाली की विद्युत गोंगाटाने ते लांबे, आणि मग उशिरा आलेले बाइट आता दुसऱ्याच कोणाच्या मालकीच्या झालेल्या स्टॅकवर उतरत आणि परतीचा पत्ता पुसून टाकत. चूक सापडायला नऊ दिवस गेले. क्रेनचा संबंध मला नव्हे, तिथल्या साचेकाम करणाऱ्या एका वयस्क कामगाराला आधी दिसला, हे कबूल केले पाहिजे.

ही चूक रस्टने पकडली असती का, असे मला हमखास विचारले जाते. आपोआप नाही. डीएमए हे यंत्र कंपायलरच्या जगाबाहेरचे आहे. बाइटांच्या मालकीचा हिशेब रस्ट ठेवते, पण त्या हिशेबात नसलेला कोणी येऊन मेमरीत लिहीत असेल तर तिला ते कळण्याचा मार्ग नाही. मात्र डीएमएचा ड्रायव्हर असा रचता येतो, की तो प्रोग्रामभर जगणाराच बफर मागेल, त्याची मालकी स्वतःकडे घेईल आणि काम संपल्यावरच परत देईल. असे एकदा नीट रचले की तो ड्रायव्हर वापरणाऱ्या कोणालाही माझी चूक करताच येत नाही, कारण तसा प्रोग्राम कंपाइल होत नाही. रस्टचे खरे मोल मला इथे दिसते. मी मनात ठेवलेला नियम प्रकारात उतरवता येतो आणि पुढच्या माणसाला तो पाळावाच लागतो.

लॉकच्या, म्हणजे एका वेळी एकालाच हात लावू देणाऱ्या कुलपाच्या, बाबतीत हे अधिकच स्पष्ट दिसते. एक्सव्ही६ मध्ये प्रोसेसचे वर्णन करणारे स्ट्रक्चर उघडून पाहा. त्यातल्या काही घटकांच्या वर टिप्पणी आहे की हे वापरताना प्रोसेसचा लॉक हातात असला पाहिजे, पुढे दुसऱ्या लॉकची टिप्पणी आहे, आणि त्याखालच्या घटकांवर लिहिले आहे की हे खासगी असल्यामुळे लॉक लागत नाही. ही टिप्पणी अतिशय काटेकोर आहे, पण कंपायलर टिप्पण्या वाचत नाही. रस्टमध्ये लॉक ही त्या घटकांना कुलूप लावून ठेवणारी पेटी असते. किल्ली घेतल्याशिवाय आतला घटक दिसतच नाही, आणि किल्ली हातातून सुटली की पेटी आपोआप बंद होते. तरीही दोन लॉक उलट्या क्रमाने घेऊन एकमेकांची वाट पाहत बसण्याची चूक रस्टमध्येही तितक्याच सहज होते.

मग सगळेच रस्टमध्ये का लिहू नये? चौघांपैकी तिघांना ती येत नाही, हे पहिले आणि पुरेसे कारण. मालकीचे नियम अंगवळणी पडायला दोन-तीन महिने जातात. कर्नलच्या गाभ्यात एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या याद्या आणि पानांचे (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांचे) तक्ते असतात, जिथे त्या नियमांशी सर्वांत जास्त झगडावे लागते आणि 'अनसेफ' हा, कंपायलरच्या तपासणीतून सूट मागणारा शब्द ओळीओळीला लिहावा लागतो. नवशिक्याने तो शब्द सवयीने लिहायला सुरुवात केली की रस्ट घेऊन काही मिळवले नाही असे होते. दुसरे कारण स्टॅकचे आहे. एक्सव्ही६ मध्ये प्रत्येक प्रोसेसचा कर्नल स्टॅक एका पानाचा, ४०९६ बाइटांचा असतो. ऑप्टिमायझेशन न करता बांधलेला रस्ट कोड मूल्ये हलवताना स्टॅकवर बरीच नक्कल करतो, आणि ते पान बघता बघता भरते. फाइल सिस्टीम रस्टमध्ये घेतलीत तर स्टॅक चार पानांचा करा. ६४ बिटांच्या एक्स८६ वर लिनक्सही १६ किलोबाइटच देते. तिसरी अडचण मेमरी संपण्याची. रस्टच्या नेहमीच्या याद्यांना मेमरी मिळाली नाही तर त्या प्रोग्रामच कोलमडवतात, आणि कर्नलला हे परवडत नाही. लिनक्समधल्या रस्टलाही यासाठी अपयश कळवणारी स्वतःची मेमरी-मागणी रचावी लागली. तुम्ही डिस्कच्या ब्लॉकसाठी ठरावीक संख्येचा साठा आधीच राखून ठेवलात तर हा प्रश्न बऱ्याच अंशी टळतो.

इतर भाषांविषयी थोडक्यात. सी प्लस प्लसमध्ये हायकू आणि गूगलचे झिर्कॉन ही कर्नल लिहिली गेली आहेत, पण त्यासाठी भाषेचा कोणता तुकडा वापरायचा आणि कोणता निषिद्ध मानायचा यावर सर्वांचे एकमत लागते. चार विद्यार्थ्यांच्या गटात ते एकमत सहसा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात होते. झिग मला आवडते, तिच्यात मेमरी वाटणारा प्रत्येक ठिकाणी उघडपणे हातात द्यावा लागतो हे कर्नलला साजेसे आहे. परंतु तिची १.० आवृत्ती अजून आलेली नाही, आणि प्रकल्पाच्या मध्यावर भाषा बदललेली तुम्हाला नको आहे. एडा आणि स्पार्क यांचे क्षेत्र विमान आणि रेल्वे यांसारख्या ठिकाणचे, जिथे सिद्धता द्यावी लागते. सिद्धतेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, की कर्नल आपल्या विनिर्देशाप्रमाणेच वागते याची गणिती सिद्धता २००९ मध्ये सेल-फोर या कर्नलसाठी दिली गेली, आणि ते कर्नल सुमारे ८,७०० ओळींच्या सीमध्येच आहे.

दोन भाषा घेतल्या की त्यांच्यामध्ये शीव येते, आणि या रचनेत सर्वांत जास्त जपायची जागा तीच आहे. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आणि घरची वही मराठीत असणाऱ्या आपल्या भागात हे फोडून सांगायला नको. इकडून तिकडे जाताना नावातला एखादा काना हरवतो आणि त्याचा जाच वाटणीच्या वेळी होतो. रस्ट आणि सी यांची गाठ सीच्या फंक्शन बोलावण्याच्या रीतीवर पडते, म्हणून शिवेवर फक्त सीला कळणाऱ्या गोष्टी ठेवा: पूर्णांक, पॉइंटर आणि लांबी. रस्ट स्ट्रक्चरमधले घटक सोयीने मागेपुढे करते, तेव्हा शिवेवरून जाणाऱ्या प्रत्येक स्ट्रक्चरला सीसारखीच मांडणी ठेवण्याची खूण करा. होय-नाही हा प्रकारही सीकडून थेट घेऊ नका. तिथून चुकून २ आला तर रस्टच्या दृष्टीने तो अशक्य प्रसंग आहे आणि त्यापुढे कोणतीच हमी राहत नाही. आकडा घ्या, तपासा, मग आत न्या. रस्टचा कोड कोलमडला तर त्याने उलगडत सीच्या फंक्शनांत शिरू नये, थेट तुमच्या कर्नलच्या थांबण्याच्या फंक्शनला बोलवावे. आणखी एक क्षुल्लक वाटणारी बाब: दोन्ही कंपायलरांनी दशांश संख्या रजिस्टरमधून पाठवण्याचा एकच करार पाळला पाहिजे, नाहीतर कर्नलमध्ये एकही दशांश संख्या नसतानाही लिंकर जोडणी नाकारतो. शिवेवरची फंक्शने दहाच्या आत ठेवता आली तर उत्तम. वाचा, लिहा, शोधा, तयार करा, पुसा, यांहून फारसे काही लागत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. पहिले सहा आठवडे चौघांनी मिळून एक्सव्ही६ वाचा. क्यूएमूमध्ये ते थांबवून जीडीबी या चुका शोधण्याच्या साधनाने एकेक सूचना पुढे नेता येते. प्रोसेस बदलतानाची ती १४ रजिस्टर प्रत्येकाने स्वतः कागदावर लिहून काढा, आधीची आणि नंतरची. त्यानंतर तिघांनी सीमध्ये स्वतःचे बूट, इंटरप्ट, पानांचे तक्ते आणि प्रोसेस घ्यावेत. रस्ट येणाऱ्याने तोपर्यंत कर्नलची वाट पाहू नये. फाइल सिस्टीम त्याने आधी लॅपटॉपवर साधा प्रोग्राम म्हणून लिहावी, डिस्कच्या जागी एक साधी फाइल घ्यावी, तिच्यातले बाइट मुद्दाम बिघडवून ती कुठे अडते ते पाहावे, आणि चौथ्या महिन्यात ती कर्नलला जोडावी. हे शक्य व्हावे म्हणून तिला वरच्या थराची सवय लागू देऊ नये. पहिल्या दिवसापासून रस्टच्या खालच्या थरावरच लिहावी.

नावांसाठी डिरेक्टरीची नोंद १६ ऐवजी ६४ बाइटांची करा. नावाला ६२ बाइट मिळतील, म्हणजे देवनागरी किंवा कन्नडचे २० घटक, आणि १०२४ बाइटांच्या एका ब्लॉकमध्ये बरोबर १६ नोंदी बसतील. ब्लॉकला पूर्ण भाग जाईल अशीच लांबी ठेवा, कारण एक्सव्ही६ मधले डिस्क तयार करणारे छोटे साधन ते सुरुवातीलाच तपासते. ते साधन सीमध्ये आहे आणि तुमच्या लॅपटॉपवर चालते. नोंदीची मांडणी आता सीच्या हेडर फाइलमध्ये एक आणि रस्टमध्ये एक अशी दोन ठिकाणी लिहिली जाईल, आणि त्यांपैकी एकच बदलली गेली तर डिस्क रिकामी दिसेल. म्हणून डिस्क तयार करणारे साधनही रस्टवाल्यानेच, फाइल सिस्टीमच्या त्याच मांडणीवरून, सर्वांत आधी लिहून घ्यावे.